हाताला धरून राहणारी चकती

त्या हिवाळ्यात सकाळी उठल्यावर मला मूठ वळता येत नसे. बोटं अर्ध्यावर येऊन अडायची. गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसलं की हळूहळू सैल व्हायची. मग कणीक मळायची, डबा भरायचा आणि स्टँडवर जाऊन काळीपिवळी जीप पकडायची. यवतमाळच्या डॉक्टरांनी आमवात सांगितला होता. त्यांच्या गोळ्यांनी पोट जळायचं, हात होते तसेच राहायचे. वर्गात फळ्यावर लिहिताना खडू बोटांतून निसटायचा. मुलं उचलून द्यायची, मी परत लिहायला लागायची, परत निसटायचा.

आम्ही नेरला राहत होतो, मी आणि माझे मिस्टर. मुलगी लग्न होऊन अकोल्याला गेली होती. माझी शाळा नेरच्या पुढं एका खेड्यात होती, जिल्हा परिषदेची. मिस्टर कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाचे ते वाईट दिवस. पूर्वी दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंगची यंत्रं थांबायची नाहीत; ह्यांच्या कपड्यांवरून, भुवयांवरून, कानांच्या पाळीवरून मी सरकीची टरफलं आणि कापसाचे तंतू वेचून काढायची. मग हंगाम लहान होत गेला. त्या वर्षी मालकांनी डिसेंबर लागताच फाटकाला कुलूप लावलं आणि ह्यांना सांगितलं, "पुढच्या वेळी बोलावतो." हे घरी बसले. आधी घरातला पंखा दुरुस्त केला, मग शेजाऱ्यांची मोटर, मग सगळ्या दारांच्या कड्या. एके दिवशी शाळेतून आले तर हे ओट्यावर नुसते बसलेले. दुरुस्त करायला गल्लीत काहीच उरलं नव्हतं.

आणि मला उसंत नव्हती. गावोगाव शेतकरी जीव देत होते. सरकारला प्रत्येक घराची माहिती हवी होती, आणि घरोघरी जायला शिक्षकांइतकं सोयीचं कोण असतं? दुपारपर्यंत शाळा, नंतर खेडी, बंजाऱ्यांचे तांडे, कोलामांचे पोड. जमीन किती, पेरलं काय, विहीर आहे का, घरात कोणी आजारी आहे का, मुलीचं लग्न राहिलं आहे का. लोक सगळं सांगायचे. सांगून झालं की विचारायचे, "यानं काय भेटन जी, मॅडम?"

"वर कळवतो आम्ही," मी म्हणायची.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य इतक्या वेळा म्हणून झालेलं असायचं की घरी आल्यावर तोंड उघडायची इच्छा व्हायची नाही. हे विचारायचे, "चहा ठेवू का?" मी मान हलवायची. एवढंच आमचं बोलणं.

अशात माझी धाकटी बहीण सुटीवर आली. ती नर्स आहे. नागपूरला शिकली आणि तिथूनच परदेशात गेली, एका थंड मुलुखात. आमच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर बाकी काही जमवलं नाही, पण पोरींना शिकवायचं एवढं मात्र धरून ठेवलं. त्यामुळे मी मास्तरीण झाले आणि ती सात समुद्र ओलांडून गेली. दोन-तीन वर्षांनी एकदा यायची, बॅगेत चॉकलेटं, हातापायांना लावायची मलमं आणि जुने स्वेटर भरून. त्या खेपेला बॅगेतून एक कापडी पिशवी निघाली. पिशवीत रंगीत प्लॅस्टिकच्या चकत्या.

"हे काय, ताटं आणली काय तिकडून?" मी विचारलं.

"ताई, खेळ आहे हा. ड्युटी संपली की आम्ही सगळ्या जणी जंगलात जाऊन खेळतो. डिस्क गोल्फ म्हणतात." मग तिनं समजावून सांगितलं. गोल्फमध्ये चेंडू खड्ड्यात घालतात, यात चकती टोपलीत घालायची. खांबावर टोपली असते, टोपलीच्या वर गोल साखळ्या लटकवलेल्या. चकती साखळ्यांवर आदळली की खाली टोपलीत पडते. ज्याची कमी फेकीत पडेल तो जिंकला.

आमचे हे भिंतीला टेकून ऐकत होते. कितीतरी आठवड्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं. त्यांनी एक चकती उचलली, मग दुसरी, आणि फिटरच्या सवयीनं कडेवरून अंगठा फिरवला.

"याची धार पातळ हाय अन् याची बोथट. काहून?"

"भाऊजी, पातळ कडेची ती ड्रायव्हर. लांब जाते. बोथट ती पटर. टोपलीच्या जवळ पोचलं की पटर काढायची. हळू जाते, जाईल तिथं बसते."

"म्हणजे ड्रायव्हर एसटीचा," हे म्हणाले, "अन् पटर म्हणजे स्टँडवरून घरी सोडणारा ऑटोवाला."

बहीण हसत सुटली. मीही हसले बहुतेक. हसल्यावर गाल दुखले ते आठवतं.

खेळायला जागा हवी होती. जिनिंगच्या मागं मोठं आवार होतं. पूर्वी हंगामात तिथं कापसाच्या बैलगाड्या रांगेनं उभ्या राहायच्या, गाडीवान खालीच चुली पेटवायचे, बैलांपुढं कडबा पडलेला असायचा. त्या वर्षी तिथं वाळलेला तरोटा आणि गाजरगवत होतं. चौकीदार ह्यांच्या ओळखीचा. त्यानं मागचं लहान दार उघडून दिलं आणि बाजेवर बसून आमच्याकडं पाहत राहिला. बहिणीनं ह्यांना फेकायला शिकवलं: चकती छातीशी घ्यायची, मनगट आत वळवायचं, आणि सोडताना कपातलं पाणी सांडायचं नाही अशी आडवी सोडायची. निशाण म्हणून कडुनिंबाचं खोड. हे पहिल्या दिवशी अंधार पडेपर्यंत फेकत राहिले.

बहीण गेली. पिशवी ठेवून गेली. "भाऊजी, टोपली तुम्हीच बनवा," असं जाताना म्हणाली आणि हे दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. घरामागच्या पडक्या हातपंपाचा पाइप खांबासाठी घेतला. वर-खाली जुन्या सायकलींच्या रिंगा. खालच्या रिंगेला जाळी विणली. आता हव्या होत्या साखळ्या, त्यासाठी भंगारवाल्याकडं गेले. लवकर येतो म्हणून गेलेले, दिवेलागणीला परतले. खांद्यावरच्या पोत्यात साखळ्या होत्या. पोतं अंगणात टाकलं आणि तिथंच पायरीवर बसले.

"काय झालं?"

"त्याच्याइथं साखळ्याईचा ढिगारा हाय वो," हे म्हणाले. आम्ही एकमेकांना कधी 'वो' म्हणत नसू. हे जणू दुसऱ्याच कोणाशी बोलत होते. "बैलाच्या. लोकं बैल इकून राह्यले, साखळ्या भंगारात घालून राह्यले. काही काहीले तं अजून शेण लागलं हाय."

मी पोतं उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांनी सगळ्या साखळ्या रॉकेलनं धुतल्या, घासल्या, उन्हात वाळवल्या आणि एकसारख्या कापून वरच्या रिंगेला टांगल्या. टोपली तयार झाली. हातगाडीवर घालून जिनिंगच्या आवारात नेली आणि मधोमध रोवली.

त्यानंतर रोज संध्याकाळी माझ्यामागं लागले. "चाल न तू पण. पाच मिनटं."

"मले उभं राहवत नाही."

"बसून पाह्य मंग."

एक-दोन दिवस बसून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात पटर ठेवली, बहिणीच्या पिशवीतली, पांढरी, कडक. टोपली इतकी जवळ होती की मूलही टाकेल. मी बोटं कडेखाली घातली, अंगठा वर दाबला, आणि दाबताच अंगठ्याच्या मुळातून कोपरापर्यंत कळ गेली. चकती घामानं निसटली, पायावर पडली, घरंगळत तरोट्यात गेली. चौकीदार उठून शोधायला लागला. ह्यांनी ती आणून पुसली आणि पुन्हा माझ्यापुढं धरली. मला कोण राग आला.

"तुमचा येळ जात नाही म्हणून मी काय खेळणं हाय का तुमचं?" मी म्हटलं. "दिवसभर लोकाईचं ऐकून आली मी. हात दुखून राह्यले माहे. खडू धरता येत नाही, हे कुठून धरू?"

चौकीदारासमोर बोलले हे वाईट झालं. ह्यांनी चकत्या पिशवीत घातल्या, आम्ही घरी आलो. त्या संध्याकाळी चहासुद्धा विचारला नाही.

पण पुढच्या रविवारी बहिणीचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते आणि हे फोनवर हळू आवाजात बोलत होते. मला वाटलं माझी तक्रार चालली आहे. हात पुसून जवळ गेले तर हे विचारत होते, "म्हणजे प्लॅस्टिकात पण फरक असते का? नरम येते का? नरम अन् हाताले चिकटणारं?"

बहिणीनं मला फोन द्यायला सांगितलं. "ताई, चूक माझीच. तिकडे ज्यांचे सांधे दुखतात त्या बायका कडक पटर वापरतच नाहीत. मऊ असते, दाबली की दबते. जोर लावावा लागत नाही, तीच हाताला धरून राहते. मी वेगवेगळ्या पाठवते. तू हातात घेऊन ठरव. दुसऱ्या कोणाला ठरवू देऊ नको."

"कायले पाठवतेस. मी नाही खेळत."

"ठीक आहे, नको खेळू. हातात घेऊन बघ फक्त."

तिच्या ओळखीचं कोणी नागपूरला येणार होतं, त्यांच्यासोबत पाकीट आलं. हे स्वतः एसटीनं जाऊन घेऊन आले. तीन चकत्या होत्या. एक निळी, जरा कडक. एक पिवळी, मधली. तिसरी मेंदीच्या रंगाची, सगळ्यांत मऊ. पाकीट उघडल्याबरोबर घरभर नव्या स्लिपरचा वास पसरला.

रविवारची दुपार होती. ह्यांनी ओट्यावर सतरंजी टाकली आणि तीनही चकत्या माझ्यापुढं मांडल्या, जसे पूर्वी जिनिंगमध्ये यंत्राचे सुटे भाग मांडत असतील. एका वाटीत पाणी, एका वाटीत काळी माती, एक फडकं.

"हे कायले?"

"कोरड्या हातानं कोणीबी धरन. आपल्याइथं धूळ हाय, घाम हाय. सारं पाहावं लागन."

मला हसू येत होतं आणि रडूही. मी आधी निळी घेतली. छान होती, गुळगुळीत, कडा गोल. पण धरायची तर चिमटावी लागायची, आणि चिमटलं की कळ. ओल्या हातानं तर थांबलीच नाही. पिवळी बरी होती. दाबली की किंचित आत जायची. मातीच्या हातानं धरली तेव्हा मात्र अंगठा तिच्यावरून सरकत राहिला. ह्यांना पिवळी पसंत होती. त्यांनी दोन्ही हातांनी वाकवून पाहिली, कानाशी टकटक करून पाहिली.

"हे घे. मधली चांगली. लय नरम असली का हवेत लडबडते."

मग मी मेंदीच्या रंगाची उचलली. तिचा पृष्ठभाग वासराच्या जिभेसारखा होता, मऊ आणि खरखरीत. बोटं कडेखाली घातली तर कड स्वतःच दबली आणि बोटांच्या वाकड्या पेरांना जागा झाली. अंगठा ज्या कोनात अडकलेला असायचा त्याच कोनात तिच्यावर टेकला. मी जोर लावला नव्हता तरी ती पडली नाही. हात खाली सोडला, हलवला. पडली नाही. ओला केला. मातीत घातला. मग मी तिची घडी घातली, पोळीची घालतो तशी, आणि सोडली. ती हळूच उलगडून पुन्हा गोल झाली.

"मले हीच पाहिजे," मी म्हटलं.

"पण ही सरळ नाही जाणार."

"नाही गेली तं नाही गेली. दुखत तं नाही."

हे थोडा वेळ माझ्या हाताकडं पाहत राहिले, चकतीकडं नाही. मग म्हणाले, "बरं." पिवळी त्यांनी स्वतःसाठी ठेवली.

संध्याकाळी आवारात गेलो. टोपलीपासून दोन पावलांवर उभी राहिले. पहिली फेक टोपलीच्या खालून गेली, दुसरी वरून. पुढची साखळ्यांवर लागली. कडक चकती लागली की साखळ्या झणकायच्या आणि चकती उसळून बाहेर पडायची, हे मी ह्यांच्या खेळात पाहिलं होतं. ही मऊ चकती लागली तर साखळ्यांचा दबका आवाज झाला, चकती त्यांच्यात गुरफटली आणि थकलेल्या माणसानं बाजेवर पडावं तशी टोपलीत पडली. चौकीदार बाजेवरून म्हणाला, "जमलं न, मॅडम!" ह्यांनी काढून माझ्या हातात दिली. वाकणं मला जड जायचं, म्हणून त्या दिवसापासून काढून द्यायचं काम त्यांचं झालं.

मी काही खेळाडू झाले नाही. लांबून फेकायला कधी शिकलेच नाही. पण शाळा आणि सर्वेक्षण करून आल्यावर अर्धा तास तिथं जायची. थकवा जात नसे. फक्त त्या अर्ध्या तासात कोणी मला काही विचारत नसे आणि मी कोणाला काही विचारत नसे. ते पुष्कळ होतं.

फेब्रुवारी संपता संपता मी एका तांड्यावर गेले होते. शेवटचं घर, कुडाचं, पुढं सारवलेलं अंगण. एक म्हातारी एकटी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिचा मुलगा पोळ्यानंतर गेला होता. मला गावात आधीच सांगितलं होतं. सून लेकरांना घेऊन माहेरी गेलेली. तांड्यावर सगळे तिला 'याडी' म्हणत, म्हणजे आई. मीही तेच म्हटलं.

"याडी, शाळेतून आली मी. थोडी माहिती पाहिजे होती."

"बस," ती म्हणाली. "पोरगा होता तवा कोणी नाई आलं. आता रोज कोणी ना कोणी येते. मरून गेल्यावरच काहून येता तुमी?"

"वर कळवतो" हे तिथं म्हणता येण्यासारखं नव्हतं. मी पेन काढायला गेले, ते बोटांतून पडलं. उचलायला गेले, पुन्हा पडलं. म्हातारी पाहत होती.

"हाताले काय झालं तुया?"

"वात आहे."

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं, माझे दोन्ही हात ओढून मांडीवर घेतले आणि अंगठ्यांनी तळवे दाबायला लागली. तिचे हात लाकडासारखे होते. जन्मभर कापूस वेचलेले, बोंडांच्या टोकांनी नखांभोवतीची कातडी काळी झालेली. ती दाबत होती आणि मी विचारायचं ते सगळं विसरून बसले होते.

"विचार न," ती म्हणाली. "काय विचाराचं हाय तुले?"

मी विचारलं, "जेवल्या का?"

"आज जेवली," ती म्हणाली.

मी बराच वेळ तिथं बसले. निघताना तिनं तुरीच्या शेंगा पदरात टाकल्या. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

त्या संध्याकाळी घरी न जाता सरळ आवारात गेले. हे आधीच तिथं होते. माझा चेहरा पाहून त्यांनी मेंदीची चकती हातात दिली. मी फेकली, ती बाजूनं गेली. त्यांनी आणून दिली. मी फेकली. दिवसभरातलं मी त्यांना आजवर कधी सांगितलं नव्हतं. सांगून काय करायचं, ते आधीच घरात बसून खचलेले, असं वाटायचं. त्या दिवशी सांगू लागले. एक फेक, एक वाक्य. तांड्यावर गेले होते. फेक. म्हातारी एकटीच होती. फेक. पोरगा गेला तिचा. फेक. माझे हात दाबून दिले तिनं. प्रत्येक वेळी हे चकती आणायला जायचे, परत यायचे, ऐकायचे, द्यायचे. समोरासमोर बसून मला ते सांगता आलं नसतं. शेवटी मी म्हटलं, "जेवल्या का म्हणून विचारलं तं म्हणे आज जेवली."

ह्यांनी चकती दिली नाही. हातातच धरून उभे राहिले. मग म्हणाले, "उद्या रविवार हाय. जाऊ आपण. मी येतो संग."

आम्ही गेलो. ह्यांनी तिच्या घराचं निखळलेलं दार बिजागरीसकट बसवून दिलं, पाण्याची गळकी बादली डांबर लावून बुजवली. मी स्वयंपाक केला. म्हातारी ओट्यावर बसून आमच्याकडं पाहत होती, जणू हे दोघं कोण, कुठून आले. यातून तिचं काय भलं झालं, ते मी सांगू शकत नाही. पण नंतर दर पंधरा-वीस दिवसांनी आम्ही जात राहिलो. सर्वेक्षण संपलं तरी जात राहिलो, ती सुनेकडे राहायला गेली तोवर.

उन्हाळा लागला आणि चकतीनं दगा दिला. एप्रिलमध्ये आमच्याकडं संध्याकाळीसुद्धा जमीन भाजते. मऊ प्लॅस्टिक उन्हानं इतकं ढिलं पडलं की हातात घेतल्यावर दोन्ही बाजूंनी लोंबायला लागलं. फेकली की हवेत पापडासारखी वळायची आणि कुठंही जायची.

"सांगतलं होतं न मी, पिवळी घे म्हणून," हे म्हणाले. बोलण्यात थोडा आनंद होता, मी नाकारत नाही.

बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "आमच्याकडे उलटं होतं, थंडीनं कडक होतात. तुमच्या उन्हाचं मला काय माहीत?" मग ह्यांनीच उपाय काढला. दिवसभर चकती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखालच्या वाळूत ठेवायची. आणि खेळ संध्याकाळऐवजी पहाटे, उजाडताच. पण पहाटे माझी बोटं सगळ्यांत आखडलेली. म्हणजे चकती बरी असे तेव्हा हात बरे नसत, आणि हात बरे असत तेव्हा चकती ढिली. आम्ही दोघंही यावर हसायचो. त्या उन्हाळ्यात हसण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

पुढच्या हंगामात जिनिंगवाल्यांनी बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग ह्यांना पांढरकवड्याला, हैदराबादच्या रस्त्यावर, ट्रक दुरुस्तीच्या एका गॅरेजमध्ये काम मिळालं. वयाच्या त्या टप्प्यावर नव्यानं ट्रकाखाली झोपायचं, तेल अंगावर घ्यायचं. पण काम होतं. त्यांनी गॅरेजच्या मागं एक खोली घेतली. मी नेरलाच राहिले. बदली मागितली होती, मिळत नव्हती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी यवतमाळची एसटी धरायची, तिथून पांढरकवड्याची. पोचेपर्यंत अंग पार मोडून यायचं.

जिनिंगचं आवार विकलं गेलं. प्लॉट पडले, खांब रोवले गेले. चौकीदारानं निरोप पाठवला म्हणून ह्यांनी टोपली उपटून एका ओळखीच्या ट्रकवर घातली आणि खोलीच्या मागच्या परसात उभी केली. जागा एवढीशी. एका बाजूला टायरांचा ढीग, दुसऱ्या बाजूला गॅरेजची भिंत. लांब फेकायची सोयच नव्हती, म्हणजे माझ्याच मापाचा खेळ उरला.

नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी नंतर माझी औषधं बदलली. हात पूर्ववत झाले नाहीत. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. पण दुखणं थांबत गेलं आणि खडू धरता येऊ लागला. बहीण म्हणाली, "आता पिवळी वापरून बघ." वापरून पाहिली. सरळ जात होती, छान जात होती. तरी मी मेंदीचीच घेते. ती आता जागोजागी दबली आहे, कडेला एक चीर पडली आहे आणि टेबलावर ठेवली तर सपाट बसत नाही.

एका शनिवारची गोष्ट. बस वाटेत बंद पडल्यामुळं पोचायला फार उशीर झाला होता. हे गॅरेजमधून नुकतेच आलेले, साबणानं कोपरापर्यंत हात धूत होते. ह्यांची पाठ गेली होती. वाकले की तोंडातून आवाज निघायचा. रस्त्यावर ट्रक एकामागून एक जात होते आणि प्रत्येकाबरोबर खोलीची खिडकी थरथरत होती.

"चहा ठेवू का?" हे म्हणाले.

"ठेवा."

"आज खेळणं राहू दे. लय थकली तू."

"तुमीबी थकले."

आम्ही मागच्या दारात पायरीवर चहा घेतला. उजेड अजून थोडा होता. कप संपल्यावर मी उठून दोन फेकी टाकल्या. एक पडली, एक टायरांवर गेली. ह्यांना वाकवत नव्हतं, म्हणून त्या दिवशी दोन्ही वेळा मीच आणायला गेले. मग आत येऊन भात लावला.